घरगुती अडचणींसाठी इंटरनेट शोध: नाशिकमधील वापरावरून केलेले परीक्षण

घरातील बिघाड, नवी खरेदी आणि कागदपत्रांची कामे यांसाठी आमच्या कुटुंबात गेली काही वर्षे शोधयंत्राचा नियमित वापर होत आहे. त्या वापरावरून माझे मत असे बनले आहे की ही सेवा बिघाडाचे निदान करण्यासाठी उत्तम आहे, वस्तूंचे दर समजून घेण्यासाठी बऱ्यापैकी उपयोगी आहे, आणि संपर्क क्रमांक शोधण्यासाठी धोकादायक आहे. शोधयंत्र म्हणताना माझ्यासमोर प्रामुख्याने गूगल आणि त्याच्याच मालकीचे यूट्यूब आहे, कारण आपल्याकडे बहुतेक लोक हीच दोन साधने वापरतात. ही सेवा वापरणाऱ्याला पैसे मोजावे लागत नाहीत. तिचा खर्च जाहिरातींतून निघतो. उत्तरांच्या यादीत सर्वांत वर येणाऱ्या काही नोंदी पैसे देऊन लावलेल्या असतात आणि त्यांवर बारीक अक्षरांत तसा उल्लेखही असतो. हा उल्लेख वाचण्याची सवय लागली की या सेवेचे निम्मे तोटे टळतात.

सर्वांत मोठी बचत निदानात होते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. चटणी वाटताना मिक्सर अचानक बंद पडतो, पुन्हा बटण फिरवूनही काहीच होत नाही, आणि मोटार जळाली अशी घरातील सर्वांची समजूत होते. मिक्सरची कंपनी, मॉडेल आणि ‘अचानक बंद पडला’ एवढे शब्द शोधात टाकले, तर पहिल्या काही उत्तरांतच कळते की बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक लहान, बहुधा लाल रंगाचे बटण असते. भांड्यात जास्त माल भरला किंवा यंत्र फार वेळ सलग चालवले, तर मोटार जळू नये म्हणून आतील सुरक्षा यंत्रणा वीज तोडते. प्लग काढून यंत्र थोडा वेळ थंड होऊ द्यावे, भांड्यातील माल कमी करावा आणि ते बटण आत दाबावे. मिक्सर पूर्वीसारखा चालू होतो. मोटार फिरते पण पाते फिरत नाही, अशी तक्रार असेल तर कपलर, म्हणजे मोटार आणि भांडे यांना जोडणारा लहान भाग, बहुधा झिजलेला असतो आणि तो सुटा मिळतो. जळका वास येत असेल, धूर दिसला असेल, तरच मोटारीतील तारेच्या गुंडाळणीचा, म्हणजे खऱ्या खर्चाचा विषय येतो. या तीन अवस्थांमधील फरक माहीत असलेला ग्राहक दुरुस्तीच्या दुकानात गेल्यावर वेगळा प्रश्न विचारतो, आणि त्याला वेगळे उत्तर मिळते.

छताच्या पंख्याचेही असेच आहे. रेग्युलेटर पूर्ण उघडूनही वेग येत नाही, किंवा पंखा नुसताच गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यावर फिरू लागतो, ही लक्षणे शोधात लिहिली की बहुतेक ठिकाणी संशयित म्हणून कपॅसिटरचे, म्हणजे पंख्याला फिरण्यासाठी जोर देणाऱ्या लहान भागाचे, नाव पुढे येते. दुकानांत त्याला सर्रास कंडेन्सर म्हणतात. घरगुती पंख्यांना अनेकदा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, पण जुन्या कपॅसिटरवर छापलेला आकडा पाहूनच नवा घ्यावा. रविवार कारंजा, शालिमार किंवा मेन रोडच्या परिसरातील विजेच्या सामानाच्या दुकानांत तो सहज मिळतो आणि त्याची किंमत पंख्याच्या किमतीच्या मानाने नगण्य असते. बदलण्याचे काम मात्र एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतील सुरक्षा बटण, बंद करून आणि जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वीज शिल्लक राहू शकते. वायरमनला बोलावताना ‘पंखा पाहून घ्या’ असे म्हणण्याऐवजी ‘कपॅसिटर तपासून घ्या’ असे सांगितले, तर पंखा खाली उतरवून मोटारीची तार पुन्हा गुंडाळून घेण्याची सूचना सहसा येत नाही.

फ्रिजच्या बाबतीत तर शोधामुळे वाचणारी रक्कम आणखी मोठी असते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचू लागले, की ‘गॅस संपला असेल’ असे ऐकायला मिळते. प्रत्यक्षात आतल्या बर्फाचे पाणी एका छिद्रातून आणि नळीतून मागच्या बाजूच्या तबकात जाते, आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तिथेच त्याची वाफ होते. त्या छिद्रात अन्नाचा कण किंवा बर्फ अडकला की पाणी मागे न जाता आत साचते. फ्रिज बंद करून, प्लग काढून, त्या छिद्रात पिचकारीने कोमट पाणी सोडले की मार्ग मोकळा होतो. गॅसचा येथे काहीच संबंध नसतो. शिवाय फ्रिजमधील गॅस बंद नळ्यांत फिरत असतो आणि कुठेतरी गळती असल्याशिवाय तो कमी होत नाही, ही माहितीही शोधातून सहज मिळते. म्हणून कोणी गॅस भरायला सांगितले, तर गळती नेमकी कुठे आहे आणि ती आधी बंद करणार का, हे विचारावे. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जातो आणि पैसेही पुन्हा जातात.

चांगले उत्तर मिळणे हे बऱ्याच अंशी प्रश्न कसा लिहिला यावर अवलंबून असते, आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. ‘वॉशिंग मशीन चालत नाही’ असे लिहिले तर दुरुस्तीच्या जाहिराती समोर येतात. यंत्राच्या मागे किंवा दाराच्या आतल्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि पडद्यावर दिसणारी अक्षरे लिहिली, तर थेट कंपनीच्या माहितीपुस्तिकेपर्यंत पोहोचता येते. उदाहरणार्थ, एलजीच्या यंत्रावर ‘ओई’ ही अक्षरे दिसली तर पाणी बाहेर जात नाही आणि ‘आयई’ दिसली तर पाणी आत येत नाही, असा अर्थ होतो. दुसऱ्या प्रकारात नळाच्या जोडावरील बारीक जाळी काढून धुतली की अनेकदा काम भागते, कारण क्षार आणि गाळ त्या जाळीतच अडकतात. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरण चिन्हांत लिहावा. नको असलेल्या शब्दाच्या आधी, मध्ये जागा न सोडता, वजाचे चिन्ह द्यावे. फक्त सरकारी संकेतस्थळे पाहायची असतील तर इंग्रजीतील ‘साइट’ हा शब्द, त्याला जोडून अपूर्णविराम आणि लगेच ‘जीओव्ही डॉट इन’ असे लिहून पुढे आपला प्रश्न टाकावा. ही सोय जुनी आणि विनामूल्य असूनही फार थोडे लोक ती वापरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तिच्यामुळे एजंटांची पाने बाजूला पडतात.

यूट्यूबवर हिंदीत भरपूर आणि मराठीतही आता पुरेशा चित्रफिती आहेत, ज्यांत कारागीर स्वतः यंत्र उघडून दाखवतात. त्यांपैकी चांगली कोणती हे ओळखण्यासाठी मी दोन गोष्टी पाहते: सांगणारा आधी वीज बंद करायला सांगतो की नाही, आणि बिघाडाची एकापेक्षा अधिक कारणे मांडतो की नाही. एकच कारण छातीठोकपणे सांगून सुटा भाग विकत घ्यायचा दुवा देणारी चित्रफीत मी सोडून देते. काही वस्तूंना मात्र, चित्रफीत कितीही सोपी वाटली तरी, घरी हात लावू नये. मायक्रोवेव्हच्या आतील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीवघेण्या दाबाची वीज साठलेली असू शकते. गीझरमध्ये पाणी आणि वीज एकत्र असते. गॅस सिलिंडर, रेग्युलेटर किंवा नळीतून वास येत असेल तर शोध घेत बसू नये; सिलिंडरचा पुरवठा बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. शेगडीच्या ज्योतीचा रंग पिवळा झाला आणि भांडी काळी पडू लागली, तर बर्नरची छिद्रे साफ करणे हे घरचे काम आहे. जेटच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाच्या, पुढे जाणे हे घरचे काम नाही.

साफसफाईच्या युक्त्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून तुंबलेले सिंक मोकळे करण्याची युक्ती हजारो पानांवर आढळते. एक आम्ल आणि दुसरा अल्क असल्याने दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरते ते मुख्यतः पाणी व त्यात विरघळलेले सौम्य मीठ. स्वयंपाकघरातील तेलकट थर त्याने निघत नाही. उलट नळाच्या तोटीवर किंवा शॉवरच्या छिद्रांत बसलेल्या पांढऱ्या क्षारांवर नुसते व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेले लिंबूफूल चांगले काम करते, कारण तो थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात विरघळतो. म्हणजे दोन्ही वस्तू उपयोगी आहेत, पण एकत्र नव्हेत. यापेक्षा गंभीर बाब अशी की ‘अधिक स्वच्छतेसाठी’ ब्लीच आणि शौचालय साफ करण्याचे आम्ल एकत्र वापरण्याचा सल्लाही काही ठिकाणी दिलेला असतो. त्यातून विषारी क्लोरिन वायू बाहेर पडतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. असा सल्ला कुणीही दिला असला तरी तो पाळू नये.

आता या सेवेच्या सर्वांत वाईट भागाकडे येते. कंपनीचा, बँकेचा किंवा कुरिअरचा ग्राहक सेवा क्रमांक शोधून समोर आलेल्या पहिल्याच क्रमांकावर फोन करणे, ही आज घरबसल्या पैसे गमावण्याची एक सोपी वाट झाली आहे. भामटे खोटी पाने तयार करतात, पैसे देऊन जाहिराती लावतात, आणि नकाशावरील नोंदींत सामान्य वापरकर्त्याला बदल सुचवता येतात या सोयीचा गैरफायदा घेऊन खऱ्या कार्यालयाच्या नावापुढे स्वतःचा क्रमांक टाकतात. फोन केल्यावर पलीकडून अत्यंत सौजन्याने बोलले जाते, मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दिसेल असे ॲप उतरवायला सांगितले जाते किंवा परताव्यासाठी म्हणून यूपीआयचा पिन टाकायला लावला जातो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे घरातील ज्येष्ठांना पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. क्रमांक हवा असेल तर तो डेबिट कार्डाच्या मागच्या बाजूवरून, पासबुकावरून, वस्तूच्या हमीपत्रावरून किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. सेवेतील त्रुटीची तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आमच्या घरी हे क्रमांक, महावितरणच्या १९१२ सह, फ्रिजच्या दारावर कागदावर लिहून लावले आहेत, आणि या कामापुरता शोधयंत्राचा वापर आम्ही बंद केला आहे.

खरेदीपूर्वीच्या शोधाचे मोल पाणी शुद्धीकरण यंत्राच्या उदाहरणातून चांगले कळते. विक्रेते बहुधा आरओ, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षारही काढून टाकणारे यंत्रच पुढे करतात. थोडा शोध घेतला तर कळते की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या घन पदार्थांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते. नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणातून पाणी मिळते, आणि धरणाच्या पाण्याचा टीडीएस साधारणपणे बोअरवेलच्या पाण्यापेक्षा बराच कमी असतो. मात्र उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांच्या टाकीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळते, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू पडेलच असे नाही. काही शे रुपयांचे टीडीएस मीटर घेऊन आपल्याच नळाचे पाणी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मोजावे. आकडा कमी असेल तर यूव्ही (अतिनील किरणांचे) किंवा यूएफ (बारीक गाळणीचे) यंत्र पुरते. ते स्वस्त असते, त्याच्या देखभालीचा खर्च कमी असतो आणि आरओप्रमाणे ते मोठ्या प्रमाणात पाणी वाया घालवत नाही. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे की टीडीएस मीटर जंतू मोजत नाही, म्हणून कमी आकडा म्हणजे निर्धोक पाणी असा अर्थ काढता येत नाही. ही दुसरी बाजू विक्रीच्या पानांवर नसते आणि आरओविरोधी लेखांतही अनेकदा गाळलेली असते; दोन्ही प्रकारची पाने वाचली तरच ती हाती लागते.

विजेच्या खर्चाचा हिशोबही असाच करता येतो. जुना पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटारीचा पंखा सुमारे ३० वॉट. दिवसाला १२ तास वापर धरला तर एका पंख्यामागे महिन्याला जवळपास १६ युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर आणि पुन्हा ३०० युनिटनंतर दर चढतो, त्यामुळे वाचलेली युनिटे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात, आणि पंख्याची किंमत किती दिवसांत वसूल होईल हे आपल्या बिलावरून प्रत्येकाला काढता येते. ऑनलाइन दुकानांतील ‘साठ टक्के सूट’ मात्र छापील कमाल किमतीवर मोजलेली असते, आणि त्या किमतीला ती वस्तू कुठेच विकली जात नसते. म्हणून सवलतीचा टक्का न पाहता त्याच मॉडेलची आजची किंमत दोन-तीन ठिकाणी आणि एकदा महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानात विचारावी. दुकानदार घासाघीस मान्य करतो, पंखा लावून देतो, आणि बिघाड झाल्यास वस्तू परत नेऊन दाखवता येते. त्यामुळे थोडा फरक असेल तर मी दुकानातूनच घेते.

सरकारी कामांत शोधयंत्राचा उपयोग एवढाच, की खरे शुल्क किती ते आधी कळते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्य सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, आणि प्रौढ व्यक्तीच्या ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे. पासपोर्टच्या नावाने खोटी संकेतस्थळे चालतात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने वेळोवेळी दिला आहे. तेव्हा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो ना, एवढे पाहूनच पैसे भरावेत. महावितरणचे बिल ऑनलाइन भरल्यास पाव टक्का सूट मिळते आणि कागदी बिलाऐवजी ईमेल स्वीकारल्यास ‘गो-ग्रीन’ योजनेत बिलामागे १० रुपयांची सवलत मिळते. रक्कम लहान आहे, पण ती मिळवण्यासाठी एकदाच नोंदणी करावी लागते.

औषधांच्या बाबतीत शोधाने मोठा फरक पडतो, विशेषतः ज्या घरांत रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधे कायम चालू असतात. चिठ्ठीवरील व्यापारी नावावरून मूळ घटक आणि त्याचे प्रमाण शोधावे, आणि मग ‘जनऔषधि सुगम’ या सरकारी ॲपवर तेच औषध व जवळचे जनऔषधी केंद्र पाहावे. किमतीतील तफावत अनेकदा निम्म्याहून अधिक असते. औषध बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे, कारण एकाच घटकाच्या सावकाश विरघळणाऱ्या आणि साध्या गोळ्यांचे परिणाम वेगळे असतात. लक्षणांवरून स्वतःचा आजार शोधण्याचा प्रयत्न मात्र मी कुणालाही सुचवणार नाही. यंत्राच्या बिघाडात चुकीचे निदान झाले तर पैसे जातात. शरीराच्या बाबतीत वेळ जातो.

अलीकडे शोधाच्या वरच्या भागात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसतो. तो सुबक मराठीत किंवा इंग्रजीत असतो, ठामपणे लिहिलेला असतो, आणि म्हणूनच त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावे लागते. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत ही सुविधा खुली झाल्यावर तिने पिझ्झावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळण्याचा सल्ला दिला होता, आणि त्या सल्ल्याचा उगम कुणीतरी अनेक वर्षांपूर्वी गमतीने लिहिलेल्या एका ओळीत सापडला. पंख्याच्या कपॅसिटरचा आकडा, औषधाचे प्रमाण, शासकीय शुल्क यांपैकी काहीही या सारांशावरून ठरवू नये. त्याच्या शेजारी दिलेले मूळ पान उघडून तोच आकडा तिथे आहे का, हे पाहावे.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांसाठी शोधाचा एक उपयोग मला इतर सर्वांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. निफाड आणि दिंडोरीकडील आमच्या नातेवाइकांच्या बागांत फवारणीचा खर्च हा मोठा खर्च असतो, आणि कोणते औषध घ्यायचे हे अनेकदा कृषी सेवा केंद्राच्या सांगण्यावरून ठरते. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या संकेतस्थळावर निर्यातक्षम द्राक्षांसाठी शिफारस केलेल्या औषधांची यादी उपलब्ध असते. बागायतदार तिला ‘ॲनेक्शर ५’ म्हणून ओळखतात. तिच्यात औषधाचे प्रमाण आणि शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी करायची, हे दिलेले असते. दुकानात सुचवलेल्या औषधाचा मूळ घटक या यादीत पाहिला, तर एकाच घटकाची दोन व्यापारी नावांची औषधे लागोपाठ फवारण्याचा खर्च टळतो, आणि अवशेषांमुळे माल नाकारला जाण्याची जोखीमही कमी होते. यादी वेळोवेळी सुधारली जाते, म्हणून मागच्या हंगामात उतरवलेल्या प्रतीवर अवलंबून राहू नये. बाजारभावासाठी राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर लासलगाव, पिंपळगाव यांसारख्या बाजार समित्यांचे रोजचे दर पाहता येतात. गाडी भरण्यापूर्वी ते पाहण्याला काहीच खर्च येत नाही.

आणखी एक शोध प्रत्येक घराने एकदा तरी करावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचे पोर्टल सुरू केले असून त्यावर सहभागी बँकांमधील दावा न केलेल्या ठेवी एकाच ठिकाणी शोधता येतात. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करतात, पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. वडिलांचे किंवा आजोबांचे नाव आणि पॅन, जन्मतारीख यांसारखा एखादा तपशील देऊन शोध घ्यावा. नोंद आढळली तर पुढील प्रक्रिया त्या बँकेच्या शाखेतच कागदपत्रांसह पूर्ण करावी लागते. हे काम करून देण्यासाठी टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाची मुळीच गरज नाही.

स्थानिक दुकाने आणि कारागीर शोधण्यात मात्र ही सेवा नाशिकमध्ये उणी पडते. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरील नव्या दुकानांची माहिती, वेळा आणि छायाचित्रे नकाशावर व्यवस्थित मिळतात, पण भांडीबाजार, दहीपूल किंवा भद्रकालीच्या गल्ल्यांतील ज्या जुन्या दुकानांत कुकरचे झाकणाचे रबर, शिट्टी, स्टोव्हचे सुटे भाग आणि बंद पडलेल्या मॉडेलचे कपलर अजून मिळतात, त्यांच्या नोंदी अपुऱ्या असतात किंवा चुकीच्या जागी दाखवलेल्या असतात. कारागीर पुरवणाऱ्या संकेतस्थळांवर एकदा मोबाइल क्रमांक दिला की अनेक ठिकाणांहून फोन येऊ लागतात आणि भेटीचे शुल्क आधी सांगितले जात नाही. कामाच्या मजुरीचा स्थानिक दर तर कुठेच नीट सापडत नाही. तो सोसायटीतील दोन-तीन घरांत विचारूनच कळतो. यावर आम्ही काढलेला मार्ग असा आहे की सुट्या भागाचे नाव, आकार आणि अंदाजे किंमत शोधयंत्रावरून काढायची, जुन्या भागाचे छायाचित्र मोबाइलमध्ये घ्यायचे, शक्य असेल तर तो भाग पिशवीत घालून सोबत न्यायचा आणि रविवार कारंजापासून पायी सुरुवात करायची. पहिल्या दुकानदाराकडे तो भाग नसला, तरी तो कोणत्या गल्लीत कोणाकडे मिळेल हे त्याला बहुधा माहीत असते.